साखळी माझ्यापाशी थांबायची

कडुनिंबाची पानं गळायला लागली की आईचा फोन येतो. "एस्तू, बुधवारपासून लेंत हाय बरं का. फ्रीजमधलं मटण संपवलं. आता येशील तवा भाजीभाकरीच मिळंल." हे ती दरवर्षी सांगते, आणि अशा सुरात सांगते की मी जणू मटणासाठीच माहेरी येते. खरं सांगायचं तर थोडीफार येतेही.

लेंत म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आम्हा ख्रिस्ती माणसांचा उपासाचा, पश्चात्तापाचा काळ. 'आम्हा' म्हणताना मी हल्ली जरा अडखळते. माझा विश्वास जाऊन आता बरीच वर्षं झाली. चर्चमध्ये मी जाते ती लग्नाला, मयतीला आणि नाताळच्या केकला. पण हा काळ काही माझा पिच्छा सोडत नाही. मोशीत माझ्या खिडकीखालून चाकणच्या बाजाराकडं कांद्याचे ट्रक जायला लागतात, रस्त्याकडेच्या करंजांना पोपटी पालवी फुटते, समोरच्या दहावीतल्या मुलीच्या खोलीतला दिवा पहाटेच लागतो, आणि माझ्या अंगातलं काहीतरी आपणहून मांडी घालून बसतं. देवाशी बोलणं थांबलं, पण त्याचे दिवस अंगातून गेले नाहीत. मग तो एक लेंत आठवतो. दरवर्षी तोच.

तेव्हा आम्ही तिघं आकुर्डीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आई, पप्पा आणि मी. पप्पा तरुणपणी नगरकडच्या गावातून इकडे आले आणि पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, बहुतेक अशीच आलेली. कुणी नगरहून, कुणी जालन्याकडून, येताना एक ट्रंक, एक गीतांचं पुस्तक आणि ओळखीच्या कुणाचा तरी पत्ता घेऊन. मी नुकतीच चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागले होते. गळ्यात आयकार्ड घालून घरातसुद्धा फिरायचे. आई म्हणायची, "काढ की ते आता, गायीच्या गळ्यात घंटा असल्यावानी काय वाजवतीस."

लेंतमध्ये रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असायची. तिला सगळे 'कॉटेज' म्हणायचे. कॉटेज म्हणावं असं घर आमच्यात एकाचंही नव्हतं. "आज कॉटेज कुणाकडं?" "साळव्यांकडं, चौथा मजला, लिफ्ट बंद हाय." कुणाकडे कधी, हे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, शास्त्र बघून नव्हे, शिफ्ट बघून ठरवायचे. ज्याची फर्स्ट त्याच्याकडे या आठवड्यात, सेकंडवाल्याकडे पुढच्या. नाइटवाला माणूस प्रार्थनेला डोळे मिटायचा आणि आमेन झालं तरी उघडायचा नाही. त्याला कुणी हलवायचं नाही, त्याची बायकोसुद्धा.

खाण्यापिण्याचा नियम कडक होता. नुसता चहा. घराघरांत चढाओढ नको म्हणून. पहिला आठवडा नियम टिकायचा. मग कुणीतरी चहाबरोबर हळूच खारी ठेवायचं, खारीच्या मागून शंकरपाळी यायची, आणि झावळ्यांच्या रविवारापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारपर्यंत, प्रकरण कांदाभज्यांवर गेलेलं असायचं. पहिलं भजं उचलताना पाळकसाहेब "अहो, कशाला" म्हणायचे, दुसऱ्याला म्हणायचे नाहीत. आमच्याकडे कॉटेज असली की वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू खुर्च्या पाठवायच्या, आणि खुर्च्यांबरोबर पातेलंभर साबुदाण्याची खिचडी. "तुमचे उपास चालू आहेत ना!" आमच्या उपासाला भाकरी चालते, मटण चालत नाही, हे आईनं त्यांना कितीदा तरी समजावलं. भाकरी खाऊन उपास कसा होईल, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. खिचडी इतकी सुरेख असायची की पुढं पुढं आईनंच समजावणं सोडून दिलं.

गाणी व्हायची, तबला असायचा, थोडा उपदेश व्हायचा. मग पाळकसाहेब विचारायचे, "कुणाचे काही विषय?" म्हणजे कशाकशासाठी प्रार्थना करायची ते सांगा. दहावीतल्या मुलाचा गणिताचा पेपर. जावयाचं कंपनीत कायम होणं. गुडघे. सोसायटीचं पाणी. सुपरवायझरचं मन जरा मऊ व्हावं. एका वहिनींनी एकदा सासूबाईंच्या देखत सासूबाईंचा विषय सांगितला होता, आणि सासूबाईंनी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं होतं. मला ते विषय ऐकायला फार आवडायचं. एरवी शेजाऱ्यालाही सांगणार नाहीत ते लोक तिथं सतरंजीवर बसून सगळ्यांदेखत सांगायचे. अजूनही मला वाटतं, माणसांना इतकं जवळून मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी साखळी. सगळ्यांनी गोल बसायचं, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. एकानं दोन-चार वाक्यांत प्रार्थना करायची आणि संपली की पुढच्याचा हात दाबायचा. मग त्यानं. असं करत वर्तुळ पुरं व्हायचं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं नुसता हात दाबून पुढं सोडून द्यायचं, पण तसं करायची ती नवी आलेली सून किंवा लहान पोरं. मी बोलायला लागल्यापासून माझी जागा ठरलेली, आई आणि पप्पा यांच्या मधे. आईकडून साखळी माझ्याकडं यायची, माझ्याकडून पप्पांकडं जायची. आईचा हात नेहमी ओलसर, नुकताच पदराला पुसलेला. पप्पांचा कानशीसारखा खरखरीत.

विश्वास कसा गेला, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. कुणी वारलं का, कुणी फसवलं का, प्रेमात पडलीस का, काही वाचलंस का. तसलं काहीही झालं नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. शाळेपासूनची सवय. त्या वर्षी लेंतच्या थोडं आधी एके सकाळी बस मोशीच्या चौकात अडकली होती. शेजारच्या टेम्पोतून कांद्याची सालं उडत होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली, आईच्या गुडघ्यांपर्यंत आले आणि थांबले. आपण एकट्याच बोलतोय असं वाटलं. राग नव्हता, भीतीही नव्हती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या माणसाशी बराच वेळ बोलत राहावं, आणि बाहेर येऊन बघावं तर ते माणूस केव्हाच कामावर निघून गेलेलं, तसं झालं. दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न केला. पुढं पुढं नुसती खिडकीबाहेर बघत बसायला लागले. फार एकटं वाटलं तेव्हा. असलं काही झालं की आजवर ज्याला सांगायचे, तोच आता नव्हता.

लेंत सुरू झाला. पहिली कॉटेज साळव्यांकडं. साखळी फिरत फिरत आईपाशी आली, आईनं सुपरवायझरपासून शेजारणीच्या बाळंतपणापर्यंत सगळ्यांची आठवण केली आणि माझा हात दाबला. माझं पाठ झालेलं एक वाक्य होतं, लहानपणापासूनचं. ते म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. खोटं बोलण्याचा मला फार बाऊ नाही, ऑडिटला आलेल्या साहेबांसमोर आम्ही गोड चेहऱ्यानं काय काय बोलतो. पण डोळे मिटलेले, एका हातात आईचा हात, दुसऱ्यात पप्पांचा. तिथं तोंड उघडेना. मी नुसता पप्पांचा हात दाबला.

पप्पा सुरूच करेनात. मला वाटलं, कळलं नसेल. पुन्हा दाबला, जरा जोरात. पंखा फिरत होता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी खाकरलं. आईनं माझा हात पुन्हा दाबला, तिला वाटलं मी पेंगते आहे. बराच वेळ गेला, निदान मला तरी बराच वाटला. मग पप्पांनी हात सोडला आणि नेहमीच्या आवाजात त्यांची प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी हात दाबायचे आणि पप्पा थांबायचे.

त्या आठवड्यात एकदा कॉटेजहून परतताना आई साळवेवहिनींबरोबर रिक्षानं गेली आणि मी पप्पांच्या स्कूटरवर. मागून मी म्हटलं, "पप्पा, मी हात दाबला होता."

"कळलं मला."

"मग सुरू का नाही केलंत?"

"तुझा नंबर व्हता."

"मी नाही करणार, पप्पा. मला आता नाही वाटत कुणी ऐकतं म्हणून."

हे मी त्यांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला सांगत होते. समोर सिग्नलला ट्रकचे हॉर्न चाललेले. त्यांनी ऐकलंच नाही असं वाटलं, आणि पुन्हा सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. सिग्नल सुटला. आमच्या गल्लीत आल्यावर त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, रुमालानं चेहरा पुसला आणि म्हणाले, "आईला तू सांगतीस का मी सांगू?"

आईला त्यांनीच सांगितलं. आई रडली. मग तिनं कंपनीला धारेवर धरलं. "रविवारी बी चालू ठेवत्यात, ओव्हरटाइम म्हणं! मग दुसरं काय व्हणार लेकराचं?" त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी ताप आलेल्या माणसाशी वागावं तशी वागत होती. समोर पाण्याचा पेला आणून ठेवायची, कपाळाला हात लावून बघायची, भातावर तूप जास्त वाढायची. मी म्हणायचे, "आई, मला काही झालेलं नाही." ती म्हणायची, "मी कुठं काय म्हटलं? खा तू."

कंपनीत वेगळीच तऱ्हा. माझ्याबरोबर काम करणारा सचिन, राजगुरुनगरचा, पुढं दरवर्षी मला मनापासून "हॅपी गुड फ्रायडे" म्हणायचा. त्या दिवशी येशू मरण पावला, हॅपी काय म्हणतोस, असं सांगितलं की बिचारा ओशाळायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा म्हणायचा. त्याला मी तेव्हाच कॅन्टीनमध्ये सगळं सांगितलं.

"म्हणजे मॅडम, आता तुम्ही आमच्यात आलात?"

"नाही रे."

"मग कशात गेलात?"

"कशातच नाही."

हे त्याला झेपेना. एक दार बंद केलं म्हणजे दुसरं उघडलंच असणार, अशी त्याची समजूत. ताटातलं संपेपर्यंत विचार करून म्हणाला, "पण नाताळला केक आणणार ना राव?" आणणार म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्याच्या प्रश्नानं घोर लावला. कशात गेले मी? नाव एस्तेरच राहिलं. ओठांवर गाणी तीच. लग्नाच्या बाजारातही मी ख्रिस्ती मुलगीच. बाहेरच्यांच्या लेखी मी कुठंच गेले नव्हते. गेले होते ते फक्त त्या वर्तुळातल्या एका जागेवर बसल्या बसल्या, आणि ते कळत होतं मोजक्या माणसांना.

त्यांतले एक शमुवेलकाका. मंडळीचे पंच, पप्पांच्या गावचे. मला सायकल त्यांनी शिकवली होती. आमच्या घरच्या कॉटेजच्या आदल्या संध्याकाळी ते आले. मी ओट्याशी मेथी निवडत होते, एका खोलीच्या घरात सगळं ऐकू येतं.

"शांतवन, मंडळीत बोललं जातंय," ते पप्पांना म्हणाले. "पोरीपाशी साखळी थांबतीया. माणसांचं मन हटतंय प्रार्थनेवरून. तुझ्या घरी उद्या हाय. साखळीच्या टायमाला तिला चहाला लाव की. तिला बी सोपं, आपल्याला बी सोपं."

काका वाईट नव्हते. सूचनाही वाईट नव्हती, मलाही तेच हवं होतं. मी बाहेर येऊन म्हटलं, "काकांचं बरोबर आहे. मी चहा करते. नाहीतर उद्या सेकंड शिफ्ट मागून घेते."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "शिफ्ट असंल तर जा. नसंल तर माझ्याशेजारी बस." मग काकांकडं वळून म्हणाले, "चहा मी आधीच करून थर्मासमधी भरून ठेवतो."

पप्पा फार बोलणारे नाहीत, पण एकदा बोलले की त्यावर बोलायला जागा ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच दुपारी चहा करून दोन थर्मास भरले. चार वाजताचा चहा साडेसातला. आई म्हणाली, "लोकांना काढा पाजताय का?"

त्या संध्याकाळी साखळी माझ्यापाशी आली आणि थांबली. घर आमचं, माणसं आमची, समोर शमुवेलकाका. मी हात दाबला. पप्पा थांबले. तेवढ्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की हे माझ्यासाठी देवाकडे मागताहेत. मी बोलावं म्हणून, परत यावं म्हणून. तोंडानं मला कधी काही म्हणणार नाहीत, पण रोज संध्याकाळी माझा हात धरून मागताहेत, आणि मी रोज संध्याकाळी नाही म्हणते आहे. त्यांच्यासाठी म्हणून ते एक वाक्य म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण म्हटलं नाही. देवाशी खोटं बोलायला आता देवच नव्हता, पप्पांशी बोलवलं नाही. मग त्यांनी हात सोडला, दहावीच्या मुलांसाठी आणि पाण्यासाठी प्रार्थना केली. माझं नाव काढलं नाही.

ईस्टरला आईनं मटण केलं आणि पप्पांनी नळी नेहमीसारखी माझ्या ताटात टाकली. लेंत संपला.

त्यानंतर वर्षं गेली. पप्पा निवृत्त झाले, मी मोशीला राहायला आले. वाद आमच्यात कधी झाला नाही. ख्रिस्ती माणसाच्या घरात विश्वास सोडलेली मुलगी असणं म्हणजे काय काय असू शकतं, हे मी इतरांकडून ऐकलंय. काहींना घर सुटलं, काहींना आईबापांचा आवाज. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, मी भाग्याची. लेंतमध्ये आमच्या घरची कॉटेज असते त्या संध्याकाळी मी जाते. गाणी मोठ्यानं म्हणते, तबल्यावर मान डोलावते. सुरांनी माझं काय वाकडं केलंय? मग साखळीला बसते, आणि साखळी माझ्यापाशी येऊन थांबते. आता सगळ्यांना सवय झाली आहे. नवीन आलेले तरुण पाळकसाहेबही गप्प राहायला शिकले. सवय झाली नाही ती मलाच. दरवर्षी ते थांबणं सुरू झालं की एवढ्या चांगल्या माणसाला आपण वर्षानुवर्षं रित्या हातानं परत पाठवतोय, असं वाटत राहतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मायेचंही ओझं होतं, आणि ते खाली ठेवायला जागा सापडत नाही.

यंदाही मी गेले. पप्पांना आता खाली बसवत नाही, ते खुर्चीवर आणि मी शेजारी स्टुलावर. त्यांचा हात मऊ पडलाय. कानस सुटली की हात असा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. साखळी आली, थांबली, पुढं गेली. चहा झाला, माणसं पांगली. पाळकसाहेब गिटार पाठीला लावून खाली उतरले. आई आत कप विसळत होती. मी सतरंजीची घडी घालत होते, आणि का कोण जाणे, यंदा विचारून टाकलं.

"पप्पा, साखळीत तुम्ही माझ्यापाशी थांबता ना. इतकी वर्षं. तेव्हा माझ्यासाठी मागत असता ना? मी परत यावं म्हणून?"

पप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ते मी सकाळी मागतो. उठल्या उठल्या. ते काय सोडलं न्हाई, आन् सोडणार बी न्हाई. ते माझं काम हाय."

"मग साखळीत?"

"साखळीत कशाला? एवढ्या माणसांत?"

"मग थांबता कशाला?"

ते खिडकीकडं बघायला लागले. आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "सांगा की आता खरं काय ते. मला सांगितलंय तेच सांगा."

"काय सांगायचं त्यात," पप्पा म्हणाले. ते चक्क लाजले होते. "मोठी झालीस तवापास्नं तू हात कुठं धरू देतीस? रस्ता वलांडताना बी पुढं पळतीस. आन् मला हात जोडल्याबिगर प्रार्थना येत न्हाई. सुरू केली की तुझा हात सोडायला लागतो."

त्या थांबण्यात मागणं कधी नव्हतंच. मी नाही म्हणत होते ती कुणाला? इतकी वर्षं तिथं आम्ही दोघंही प्रार्थना करत नव्हतो.

अर्धी घडी घातलेली सतरंजी मी तशीच खाली टाकली, स्टूल त्यांच्या खुर्चीला लावलं आणि हात पुढं केला. आईनं आतून दोनदा जेवायला हाक मारली. आम्हाला दोघांनाही ती ऐकू आली, पण उठलं कुणीच नाही.